पिशवीत न मावणारं झाड

माझ्या आजोळच्या बैलगाडीच्या चाकांचे तुंबे अंजनाचे होते. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोळा. सगळे आरे येऊन त्यात बसतात आणि गाडीचा भार शेवटी त्याच्यावर येतो. ती गाडी कधीच मोडली, बैल विकले गेले, लोखंडी धावा भंगारात गेल्या. एक तुंबा मात्र अजून मामांच्या खळ्यात पडून आहे. इतके पावसाळे खाऊनही त्याला वाळवी लागलेली नाही. गावचे सुतार म्हणायचे, अंजनाला हात घालायचा तर आधी वाकसाला धार लावून घ्यावी, आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा लावावी.

आरा मोडला तर बदलता येतो. तुंबा फुटला की चाक उरत नाही. खानदेशच्या जंगलाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. जंगलात झाडांच्या कितीतरी जाती असतात, पण त्याचा भार दोन-चार जातींवर असतो. सातपुड्यात हा भार साग, अंजन, सलई आणि मोह यांनी वाहिला. सागाची तोड सगळ्यांना कळते, ट्रक पकडला गेला की बातमी होते. उरलेल्या तिघांचं काय चाललं आहे ते बातमीत येत नाही, कारण त्यात कुऱ्हाडीचा आवाज नाही. म्हातारी झाडं उभी आहेत आणि त्यांच्याखाली रोपं नाहीत. आपण जंगल मोजतो ते हिरव्या क्षेत्रावरून आणि लावलेल्या रोपांच्या आकड्यावरून. या दोन्ही मापांत हे मरण दिसत नाही. म्हणून माप बदलायला हवं, आणि ते ठरवणारे हातही बदलायला हवेत.

आधी अंजनाबद्दल, कारण खानदेशाबाहेरच्या पुष्कळ मराठी माणसांना हे नाव ऐकून दुसरंच झाड आठवतं. सह्याद्रीत निळ्याजांभळ्या फुलांनी लगडणारी अंजनी ती वेगळी. आमचा अंजन शेंगांच्या कुळातला, उंच, फांद्यांची टोकं खाली झुकलेला. आपट्याचं पान देठापर्यंत चिरलं तर जसं दिसेल तसं त्याचं पान, फक्त लहान. काळ्या खडकावर, मुरमाड उतारावर, जिथे मातीचा थर वीतभरही नसतो आणि सागही खुरटतो, तिथे अंजनाचं बन उभं राहतं. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या वनप्रकारांचं जे वर्गीकरण केलं, त्यात अंजनाच्या जंगलाला आणि सलईच्या जंगलाला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे त्या त्या ठिकाणी जंगलाची ओळखच एका झाडावरून ठरते.

चोपड्याच्या उत्तरेला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला एका वाक्यात हे झाड समजावलं होतं : "अंजन दगड फोडीसन वाढस." बी रुजलं की पहिल्या पावसाळ्यात वर फारसं काही दिसत नाही. कोंब बोटभर आणि मूळ हातभर. सगळी ताकद खाली जाते, खडकाच्या फटीत शिरते, खोलवरची ओल गाठते. म्हणून एप्रिलमध्ये, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे निघालेला असताना, साग आणि सलई उघडीबोडकी उभी असतात तेव्हा अंजनाला तांबूस पालवी फुटते. वैशाखात या टेकड्यांवर जी काही सावली असते, तिच्यात अंजनाचा वाटा मोठा. वानरं, मोर, गुरं आणि गुराखी तिथेच दुपार काढतात. त्या सावलीत जमीन कमी तापते, पडलेला पाला कुजून दगडावर मातीचा पातळ थर धरतो, आणि त्या थरात पुढच्या पावसात गवत आणि बाकीच्या झाडांचं बी रुजतं. आधी अंजन येतो, मग इतर झाडांना जागा होते.

यात एक अडचण आहे. त्याचा पाला गुरांना फार आवडतो. दुष्काळात खानदेशच्या कित्येक गोठ्यांनी अंजनाच्या डहाळ्यांवर उन्हाळा काढला आहे. १९७२ च्या आठवणी सांगणारी माणसं त्या झाडाचं नाव उपकारकर्त्यासारखं घेतात. पण फांद्या वर्षानुवर्षं छाटल्या की झाडाला शेंगा धरायला बळ उरत नाही. त्यात अंजन दरवर्षी भरपूर फळणारं झाड नाही. चांगलं बी तीन-पाच वर्षांतून एकदा येतं. त्या वर्षी जे उगवतं ते पहिल्याच हिवाळ्यात शेळ्यांच्या तोंडी जातं. सागाच्या खरखरीत पानाला मात्र गुरं तोंड लावत नाहीत. हा फरक ५० वर्षं चालू राहिला तर काय होईल, ते कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. ज्याला कोणी खात नाही ते वाढत जातं, आणि ज्याने सगळ्यांना खाऊ घातलं त्याचा वंश बुडतो. मोकळ्या जागेत घाणेरी शिरते, रानतुळस माजते, आणि लांबून पाहणाऱ्याला टेकडी हिरवीच दिसते.

एक मोठी जात गेली की काय होतं, याची जगातली सर्वांत स्पष्ट गोष्ट अमेरिकेतली आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात तिथल्या चेस्टनट झाडांवर एक बुरशीरोग लक्षात आला. पुढच्या सुमारे ५० वर्षांत ३ ते ४ अब्ज झाडं मेली. जंगल नाहीसं झालं नाही. चेस्टनटच्या जागी ओक आले, इतर झाडं आली. पण चेस्टनट दरवर्षी भरवशाने फळायचं आणि ओकची फळं एखाद्या वर्षी ढीगभर तर एखाद्या वर्षी नावालाही नाहीत. अस्वलापासून खारीपर्यंत सगळ्यांच्या पोटाचं गणित बिघडलं. फक्त चेस्टनटवर जगणारे काही पतंग त्यानंतर कोणाला दिसलेच नाहीत. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १९९० च्या दशकाच्या शेवटी सालाच्या जंगलात खोडकिड्याची साथ आली, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाडं तोडावी लागली. दोन्ही ठिकाणी शत्रू दिसत होता, म्हणून आरडाओरड तरी झाली.

सातपुड्यात शत्रू दिसत नाही. शिवाय अमेरिकेत चेस्टनटच्या जागी यायला ओक तयार होता, कारण तिथे पाऊस आणि माती होती. तापीकाठच्या या पट्ट्यात ६००-७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि खाली खडक. अंजन गेला तर त्या दगडावर त्याच्या जागी कोण उभं राहणार? "निसर्ग आपली पोकळी भरून काढतो" असं म्हणणाऱ्यांनी या उतारांवर मे महिन्यात एक दुपार घालवावी.

आता मोह. खरं तर सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी घरांत शिरलं की आधी मोहच बोलायला हवा होता. होळीच्या आगेमागे झाडाची पानं गळतात आणि फुलं येतात. फुलं रात्री उमलतात. मोठी वटवाघळं त्यांवर येतात, परागीभवनाचं पुष्कळसं काम तीच करतात. पहाटे गोड, मांसल पाकळ्यांचा सडा पडतो. अस्वल, भेकर, चितळ, वानर रात्री आणि पहाटे तिथे येऊन जातात. मग टोपल्या घेऊन बायका-पोरं येतात. जंगलात खायला फार थोडं असतं अशा दिवसांत हे एक झाड माणसाला आणि जनावराला एकाच वेळी जेवू घालतं. फुलं सुकवून ठेवली की पावसाळ्यातही उपयोगी पडतात. फळाच्या बियांचं तेल निघतं, ते दिव्याला, अंगाला आणि स्वयंपाकालाही चालतं. म्हणूनच जंगल साफ करून शेत केलं तरी आदिवासी शेतकरी मोहाला हात लावत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर ज्वारी-मक्याच्या मधोमध उभे असलेले जुने मोह पाहिले, की जंगलाचा नाश आदिवासींनी केला असं सरसकट बोलणाऱ्यांची चीड येते. सर्वांत मोलाचं झाड त्यांनीच राखलं आहे.

तरीही खरं ते सांगायलाच हवं. मोहाखाली पोर नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात आधीच्या वर्षीचं जे काही उगवलेलं असतं ते जळतं, आणि वारा असला की आग पुढे पसरते. पुढे फळं येतात, ती तेलासाठी वेचली जातात. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. पावसाला गाठ पडली नाही तर ते मेलंच. फुलं वेचताना रोपं जळतात आणि बिया तेलाला जातात, मग नवं झाड येणार कुठून? आज जे मोह फुलतात ते आजोबा-पणजोबांच्या काळात उगवलेले. एकेक म्हातारा वादळात पडतो, त्याची जागा रिकामी राहते, आणि तिथल्या वटवाघळांना पुढच्या होळीला दुसरा डोंगर शोधावा लागतो. चारोळीचंही तेच. व्यापारी येतो म्हणून, शेजारी आधी तोडेल म्हणून कच्चीच फळं ओरबाडली जातात.

सलईची कथा आणखी वेगळी. पांढरट, कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या सालीचं हे झाड, धुपाचा वास देणारा डिंक देणारं. डोंगराच्या कोरड्या माथ्यांवर ते एकटंच राज्य करायचं. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना नेपानगरला निघाला, म्हणजे जुन्या खानदेश सुभ्याची राजधानी असलेल्या बऱ्हाणपूरच्या शेजारी. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याचा कच्चा माल होता सलई आणि बांबू. देशाला कागद हवा होता, त्यात गैर काही नव्हतं. पण सलईचं बी मुळात कमी धरतं, आणि धरलेल्यातलंही थोडंच रुजतं. तिचा वंश चालतो तो बराचसा मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर. चराई आणि वणवा यांत ते धुमारे टिकत नाहीत. वर डिंकासाठी खोडाला इतक्या खाचा पाडल्या जातात की झाडाला उसंत मिळत नाही.

आणि रानपिंगळा. हा छोटा घुबड १८८४ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता. तो नामशेष झाला असंच सगळे मानून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो सापडला, तो शहाद्याजवळच्या जंगलात! ११३ वर्षांनी. पुढे तोरणमाळ आणि यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली. खानदेशाने जगाला परत दिलेला हा पक्षी घरटं करतो जुन्या झाडाच्या ढोलीत. ढोली लावता येत नाही. ती व्हायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं, एखादी फांदी मोडावी लागते, तिथे कुजावं लागतं, सुतारपक्ष्याने किंवा तांबट पक्ष्याने चोच मारावी लागते. एकाच वयाची, सरळ खोडांची लागवड कितीही दाट केली तरी रानपिंगळ्याच्या दृष्टीने ती ओसाड आहे.

यावर सरकारी उत्तर काय? २०१६ साली १ जुलैला महाराष्ट्रात २ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. पुढच्या वर्षी लक्ष्य ४ कोटींचं, त्याच्या पुढे १३ कोटींचं आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं. त्या मोहिमांत राबलेल्या हातांबद्दल मला आदर आहे. मीही खड्डे खणले आहेत. पण रोपवाटिकेत उभं राहून पाहा. तिथे झाडांची निवड काळी प्लॅस्टिक पिशवी करते. जे बी झटकन उगवतं, वर्षभरात गुडघ्याएवढं होतं, ज्याचं मूळ पिशवीत गुण्यागोविंदाने राहतं, ते झाड निवडलं जातं. गिरिपुष्प, सुबाभूळ, शिरीष, करंज. अंजनाचं मूळ पिशवीच्या तळाला टेकतं आणि वेटोळं घालू लागतं. अशा रोपाला खडकावर नेऊन लावलं तरी त्याने दगड फोडायचा कसा? त्याचं बळ ज्या सरळ मुळात होतं तेच पिशवीने मोडलं. मग ते मरतं आणि वहीत शेरा येतो की अंजन लागवडीस योग्य नाही. मोहाच्या बियांना पिशवीपर्यंत पोचेस्तोवर दम राहत नाही. असं करत करत सातपुड्याचा भार वाहणारी झाडं यादीतून गळतात, आणि कुणाचा तसा हेतूही नसतो.

मोजणीचंही तसंच. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून 'वनाच्छादन' मोजतं. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर १० टक्के किंवा जास्त झाडोरा असला की तो त्यात धरला जातो. झाड कोणतं, जमीन कोणाची, हे त्यात पाहिलं जात नाही. देशभराचा अंदाज घ्यायला ही पद्धत ठीक आहे. पण अंजनाचं बन जाऊन तिथे निलगिरी आली तर या मापात फारसं काही बिघडत नाही, किंबहुना आकडा सुधारूही शकतो. या आकड्यावर पालकमंत्र्यांची भाषणं होतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

खाली मैदानात केळी पिकवणाऱ्या माझ्या रावेर-यावलच्या भाऊबंदांना हा दूरचा विषय वाटतो. तो त्यांच्या विहिरीचा विषय आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, त्यातूनच सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्यांचं पाणी जमिनीत मुरतं आणि केळीच्या मुळाशी पोचतं. वरच्या उतारावर पाला आणि मुळं असली तर पाऊस अडखळत उतरतो, त्याला मुरायला वेळ मिळतो. ती गेली तर माती घेऊन धावतो आणि गाळाने त्या पट्ट्याची तोंडं बुजवतो. बोअर ५०० फुटांवर गेली की आपण पावसाला दोष देतो. डोंगराच्या माथ्यावर कोणतं झाड उरलं आहे, हे कधी विचारत नाही.

उपाय काय, या प्रश्नाला मी फार मोठं उत्तर देणार नाही, कारण त्यातलं बरंचसं साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने करून दाखवलं आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. नियम गावाने केले, दंड गावाने बसवला, पहारा गावाने दिला. त्यांनी पिशव्यांतून जंगल आणलं नाही. कुऱ्हाड आणि चराई आवरली आणि जमिनीत जे होतं त्याला उठू दिलं. आज त्या गावात रानभाज्यांचा महोत्सव भरतो, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. सन्मानाचा आनंद आहेच. पण शेजारच्या शंभर गावांत तसं का झालं नाही, हे विचारायची जबाबदारी सन्मानाने संपत नाही.

एक कारण सरळ आहे. राखण करणाऱ्याला राखायचा हक्क हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार दिला आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत चर्चा मात्र वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांचीच जास्त होते. नवी अतिक्रमणं थांबायलाच हवीत, यावलच्या अभयारण्यात झालेली नासधूस मी कधीच पाठीशी घालणार नाही. पण ज्या गावाला डोंगर आपला वाटत नाही, तिथे कितीही वनरक्षक नेमले तरी अंजनाच्या बोटभर कोंबावर रात्रंदिवस कोण लक्ष ठेवणार?

दुसरं कारण चाऱ्याचं आहे, आणि ते बोलायला कोणी तयार नसतं. मे महिन्यात अंजनाची डहाळी तोडू नका, हे शेळ्या असलेल्या बाईला सांगणं सोपं आहे. तिच्या शेळ्या काय खाणार, याचं उत्तर आधी द्यावं लागेल. अंजनाला बी धरलेल्या वर्षी डोंगराचा एखादा भाग तीन वर्षं चराईला बंद ठेवायचा असेल, तर तेवढ्या चाऱ्याची सोय गावाला मिळाली पाहिजे. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलाऱ्यांशी, काठेवाडी गुराख्यांशी आधी बसून बोललं पाहिजे. वृक्षलागवडीच्या खर्चातला काही भाग पिशव्या आणि खड्ड्यांऐवजी गवताच्या गंजीवर खर्च झाला, तर तो जंगलावरच झालेला खर्च समजावा. मोहाचं त्यापेक्षा सोपं आहे. दहातल्या एका झाडाखाली जाळ करायचा नाही आणि त्याची फळं वेचायची नाहीत. ते झाड कोणतं, हे पाड्याने ठरवावं. उगवलेल्या रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण पुरे. अंजनाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून मृगाच्या आधी थेट डोंगरावरच टोकाव्यात, रोपवाटिकेचं तोंडही दाखवू नये.

आणि मोजणी. लागवडीच्या नोंदवहीत लावलेल्या रोपांचा रकाना असतो. त्याशेजारी एक रकाना हवा : अमुक टेकडीवर आपोआप उगवलेली, तीन पावसाळे काढलेली अंजनाची, मोहाची, सलईची रोपं किती. हे उपग्रहातून दिसत नाही, वाकून पाहावं लागतं. ते काम ग्रामसभेचं, आणि त्याची वेळ होळीची. कारण त्या दिवसांत गवत वाळून आडवं झालेलं असतं, मोह फुलावर आलेला असतो, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी घरी परतलेली असतात. जास्तीत जास्त गाव वर्षातून तेव्हाच एका जागी असतं.